चोरलेले रानकंद

"हेमा, आपल्या विहिरीवर कुणीतरी मोटर लावलीया बघ," इम्तियाज म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

पडद्यावर नुसते आकडे सरकत होते. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण इम्तियाजचं तोंड मला पहिलीच्या वर्गापासून वाचता येतं. ते असं आंबट झालं की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय.

आजऱ्याच्या बाजारपेठेत त्याचं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, परीक्षांचे अर्ज, सगळं तिथं. नवरात्र नुकतंच बसलं होतं आणि दुकानात दाखले काढायला आलेल्यांची रांग लागली होती. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. दुपारी वाचनालय बंद असतं तेवढ्यात पळत आले होते, कारण सकाळपासून आमची वेबसाइट उघडता उघडत नव्हती.

आमची म्हणजे खरं तर देसाई सरांची. सरांनी उभा जन्म हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवलं आणि सुट्टी मिळाली रे मिळाली की रान गाठलं. रानभाज्या, रानफळं, कंद. फोटो स्वतः काढलेले. माहिती लोकांच्या चुलीपुढं बसून, स्वतः खाऊन, प्रसंगी घसा खाजवून घेऊन मिळवलेली. सर रिटायर झाले तेव्हा हे सगळं कपाटात पडून राहणार म्हणून मीच हात धुऊन त्यांच्या मागं लागले. मी टाइप केलं, इम्तियाजनं साइट उभी केली आणि तिला 'रानपान' असं नाव दिलं.

साइट कशी असावी याबद्दल सरांचा हट्ट होता. खायची वनस्पती आली की लगेच तिच्याखाली तिचा तोतया यायला हवा. तोतया म्हणजे दिसायला तशीच, पण खायची नाही अशी दुसरी. आणि नाव आधी, फोटो त्याच्या खाली. इम्तियाज म्हणाला होता, "सर, सगळ्या जगात फोटो वर आणि नाव खाली असतंय." सर म्हणाले होते, "मी फळ्यावर आधी नाव लिहायचो, मग चित्र काढायचो. पोरं शिकली की नाही? तू पण शिकलास." इम्तियाजनं मुकाट्यानं नाव वर घेतलं.

"मोटर म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे आपले फोटो कुणीतरी ओढालंय. आपल्या पानावर माणसं येत न्हाईत, तरी फोटो धडाधड चाललेत. थांब जरा, शोधू."

त्यानं सरांच्या लिखाणातलं एक वाक्य उचललं आणि शोधात टाकलं. वाक्य होतं, 'आमच्या सौ. ही भाजी करताना कढईवर झाकण ठेवत नसत, म्हणून मीही ठेवत नाही.' हे असलं वाक्य सर सोडून दुसरं कोण लिहिणार? पण पडद्यावर ते दोन ठिकाणी निघालं. एक आमचं रानपान. दुसरी साइट होती 'निरोगी ताट'.

उघडून बघितली तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळंच्या सगळं उचललेलं. आमच्या शाळेमागचा ओढा, सरांची पडलेली सायकल, सरांच्या सौ. आणि त्यांची झाकण नसलेली कढई, सगळं जसंच्या तसं. चहूबाजूंनी जाहिराती. आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'संकलन व लेखन : टीम निरोगी ताट'.

"टीमला सौ. कधी झाली रे?" मी विचारलं.

रांगेतली दोन माणसं हसली. इम्तियाज नाही हसला. "हेमा, हे माणसानं वाचूनसुद्धा बघितलेलं न्हाई. बॉट असतोय. एक प्रोग्राम. साइटी हिंडत असतोय आणि दिसेल ते पोत्यात भरतोय. लिखाण त्यानं नेलंय. फोटो जड, म्हणून ते आपल्याकडंच ठेवलेत. तिकडं कुणी पान उघडलं की फोटो आपल्या मशीनवरनं जातोय. नवरात्रात लोकं उपवासाचे कंद शोधालेत, त्यामुळं तिकडं झुंबड आणि इकडं आपण आडवे."

"म्हणजे साठवण आपली आणि मिरवणूक त्यांची."

"तेच."

मी तशीच स्कूटीवरून सरांच्या घरी गेले. सर घराच्या पुढच्या सोप्यात बसून रताळी सोलत होते. नऊ दिवस त्यांचा उपवास असायचा. मी सगळं एका दमात सांगितलं. सरांनी सुरी सुद्धा थांबवली नाही.

"नेलं तर नेलं. लोकांपर्यंत पोचलं की झालं. आपण तरी ते कुणासाठी लिहिलं?"

"तुमचं नाव काढून टाकलंय सर त्यांनी."

"होतं कुठं काढायला?"

ते मात्र खरं होतं. रानपानवर सरांनी स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं. साइट करताना मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा त्यांनी पुसायला लावलं. म्हणायचे, झाडं मी लावलेली नाहीत आणि रांधायच्या रीतीही मी काढलेल्या नाहीत, मग माझं नाव कशाला? सरांचा हा स्वभाव. वर्गात कुणी त्यांच्यासाठी फूल आणलं तरी ते ओशाळून खिडकीबाहेर बघायचे.

"सर, माझ्या वाचनालयात लेखकाचं नाव नसलेलं एक पुस्तक न्हाई," मी म्हणाले. "लोणच्याच्या पुस्तकावर सुद्धा बाईचं नाव असतंय."

"असू दे की. त्यांना हौस असेल."

"मला बी हाय. मी ती पुरी करणार. त्या साइटवरनं तुमचं सगळं काढून घेणार आणि आपल्या साइटवर तुमचं नाव लावणार."

"लाव मग. रताळं खाणार काय उकडलेलं?"

मी रताळं खाल्लं आणि निघाले, पण डोक्यातलं काही गेलं नाही. माझी आई म्हणायची की ही पोरगी एखाद्या गोष्टीला धरली की घोरपडीसारखी धरते. मला ते कौतुक वाटायचं. तिला तसं म्हणायचं नसावं.

पुढचे दोन-तीन दिवस इम्तियाज आणि मी त्या बॉटाशी झुंजलो. इम्तियाजनं साइटच्या दारात एक सूचना टाकली, बॉटांनी आत येऊ नये म्हणून. मी म्हटलं, चोर पाटी वाचून माघारी जातोय होय? तो म्हणाला, सभ्य बॉट जातात, म्हणून आधी पाटी लावायची रीत हाय. आमचा सभ्य नव्हता. मग इम्तियाजनं तो ज्या पत्त्यावरून येत होता तो पत्ता अडवला. अर्ध्या तासात तो दुसऱ्या पत्त्यावरून आला. तो अडवला की तिसऱ्यावरून. इम्तियाज दाखले छापता छापता एका डोळ्यानं त्याच्यावर लक्ष ठेवून असायचा आणि मधेच "आला गा परत!" म्हणून ओरडायचा. गिऱ्हाइकं दचकायची. शेवटी त्यानं अशी काहीतरी युक्ती केली की एकामागून एक पानं भराभर मागणाऱ्याला दारातच ताटकळत ठेवायचं. तेव्हा कुठं नवीन चोरी थांबली. पण जे गेलं होतं ते गेलंच होतं, आणि फोटोंची मोटर चालूच होती.

निरोगी ताटवर फोन नंबर नव्हता. एक ईमेल होता, त्यावर पाठवलेलं पत्र पोचलं नाही म्हणून परत आलं. ज्या कंपनीच्या मशीनवर ती साइट ठेवलेली होती ती परदेशातली. तिच्याकडं तक्रार करायची सोय होती. मी इंग्रजीचा कोश उघडून अर्ज वाचला. पहिलाच प्रश्न, मूळ लेखक कोण? दुसरा, त्याची सही कुठं आहे?

सरांनी सही करायला साफ नकार दिला. "मी भांडायला जाणार नाही हेमांगी. माझं नाव त्यात ओढू नको."

आता मी काय करावं? सरांना शब्दांनी हलवता येत नाही हे मला ठाऊक होतं. वाटलं, डोळ्यांनी बघितलं तर चीड येईल. सर कॉम्प्युटरकडं फिरकत नसत आणि त्यांचा फोन बटणांचा. म्हणून इम्तियाजकडून निरोगी ताटचं 'उपवासाला चालणारे रानकंद' हे पान रंगीत छापून घेतलं. जाहिरातींसकट. सरांच्या हळव्या वाक्यांशेजारी वजन उतरवण्याच्या गोळ्या बघितल्या तर दगडसुद्धा चिडेल, असा माझा हिशेब.

सातव्या माळेच्या सकाळी मी ती छापील पानं सरांच्या पुढ्यात ठेवली. माझ्या समाधानासाठी त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान बघितलं. दुसऱ्यावर थांबले. पान जवळ घेतलं, लांब धरलं, उठून उजेडात गेले.

"हे आपलं पान आहे का त्यांचं?"

"त्यांचं."

"नीट बघून सांग."

"त्यांचंच हाय सर. हे बघा खाली, टीम निरोगी ताट."

सरांनी एका फोटोवर बोट ठेवलं. फोटो सरांनीच काढलेला, मी ओळखला. उकरलेला कंद, शेजारी त्याचा वेल. "हेमांगी, ही कळलावी आहे." मग बोट खाली सरकलं. फोटोच्या खाली लिहिलं होतं, 'चाई. चवीला बटाट्यासारखी. सोलून, मीठ घालून उकडावी. उपवासाला चालते.'

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग मी आमचं पान मनातल्या मनात उघडलं. आमच्याकडं आधी नाव, मग फोटो. पहिलं कणगर, म्हणजे खायचा कंद, आणि त्याचा फोटो. मग तोतया कळलावी, खाऊ नये, आणि तिचा फोटो. मग चाई आणि तिचा फोटो. त्या बॉटाला जगाची रीत ठाऊक होती, आमच्या सरांची नव्हती. तो धरून चालला की वरच्या फोटोचं नाव खाली असतं. त्यामुळं प्रत्येक फोटोला पुढच्याचं नाव बसलं. सगळे फोटो एक घर सरकले. आणि आमच्याकडं खायचं आणि न खायचं एकाआड एक असल्यामुळं प्रत्येक तोतयाच्या फोटोखाली खायच्या कंदाचं नाव आलं होतं. कणगराच्या फोटोखाली 'विषारी, खाऊ नये'. कळलावीच्या फोटोखाली 'उपवासाला चालते'.

"खाल्ली तर?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात कुणी मूर्खासारखा प्रश्न विचारला तरी ते शांतपणे उत्तर द्यायचे. त्या दिवशी ते चपला शोधत शोधतच बोलले. "उकडून जात नाही तिचं विष. आधी उलट्या, जुलाब. मग एकेक अवयव. ऊठ, चल लवकर."

सर माझ्या स्कूटीवर कधी बसत नसत. त्या दिवशी पायात दोन वेगळ्या चपला घालून मागं बसले आणि बाजारपेठ येईपर्यंत माझा खांदा सोडला नाही.

इम्तियाजनं ऐकलं आणि हातातला दाखला टेबलावर ठेवला. "किती लोकांनी बघितलं असंल रे?" मी विचारलं. त्यानं नुसता पडदा माझ्याकडं वळवला आणि परत स्वतःकडं घेतला.

मी परदेशी कंपनीला ताबडतोब लिहिलं. माणसं मरतील असं स्पष्ट लिहिलं. यंत्रानं उत्तर दिलं की तुमची तक्रार मिळाली, आठवड्याभरात कळवू. आठवड्याभरात दसरा होऊन गेला असता.

"फोटोच बंद करतो," इम्तियाज म्हणाला. "आपल्या मशीनवरनं जातात ना? नळच बंद. तिकडं नुसत्या मोकळ्या चौकटी दिसतील."

"आणि ज्यानं काल बघितलंय त्याचं काय?" सर म्हणाले. "त्यानं बघून घेतलं, आज रानात जाईल. त्यानं परत उघडलं तर त्याला मोकळी चौकट दिसेल. त्यातनं त्याला काय कळणार? नेट गेलं असेल म्हणेल आणि चूल पेटवेल."

रांगेतला एक पोरगेला शेतकरी म्हणाला, "मग तिथं गाढवाचा फोटो टाका की. खाली लिवा, ह्यो आमचा चोर." इम्तियाजला ते एकदम पटलं. त्याचे डोळे चमकले. खरं सांगते, मलाही पटलं होतं. किती दिवसांचा राग होता. पण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आमच्या हातात काय आहे.

"इम्त्या, आपण फोटो बदलला तर तिकडं बदलतोय?"

"लगेच."

"आणि आपल्या साइटवर?"

"फोटो मागणारा कुठल्या पानावरनं आलाय ते मशीनला कळतंय. आपल्या पानावरनं आला तर खरा फोटो द्यायचा. निरोगी ताटवरनं आला तर देऊ म्हणशील तो देऊ."

"मग गाढव नको. तिथं लिहायचं. त्यांच्याच पानावर, त्यांच्याच प्रत्येक फोटोच्या जागी. लाल अक्षरांत."

मजकूर सरांनी सांगायला सुरुवात केली. 'सुजाण वाचकहो, वनस्पतींची ओळख पटवताना...' मी म्हटलं, सर, तिकडं कंद सोललेला असंल, एवढं वाचायला कोण थांबणार? मग आम्ही काटत काटत गेलो. शेवटी राहिलं ते असं : 'थांबा. या पानावरचे फोटो चुकीच्या नावांना लागले आहेत. यात विषारी कंद खायचा म्हणून दाखवला आहे. काहीही खाऊ नका. आणलं असेल तर आधी फोन करा.'

"नंबर कुणाचा?" इम्तियाजनं विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

"हेमा, बाईमाणसाचा नंबर असा चव्हाट्यावर? सगळ्या महाराष्ट्रातनं फोन येतील. कसल्या कसल्या माणसांचे येतील."

"येऊ देत. दुकानात तुझा फोन कायम बिझी. सरांचा कधी चार्ज नसतोय. माझा घाल."

त्यानं घातला.

"झालं," तो म्हणाला. "टाकू?"

"थांब," सर म्हणाले. "खाली माझं नाव घाल."

इम्तियाजनं कीबोर्ड परत पुढं ओढला.

"अनंत केशव देसाई, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, आजरा. पूर्ण घाल. आणि तो तुझा अर्ज आण हेमांगी, सही करतो."

"सर, इतके दिवस मी डोकं फोडालेय, तेव्हा न्हाई म्हणालात."

"मला वाटायचं नाव मोठेपणासाठी लावतात," सर म्हणाले. "मोठेपणा मला नको होता. पण ह्या लोकांनी नाव काढलं आणि बघ काय झालं. आता चुकलं तर विचारायचं कुणाला? टीमला? जाब विचारायला कुणीतरी असावं म्हणून नाव असतंय गं. मी सांगतोय ते खरं की खोटं, हे बघायला कुणीही माझ्या दारात यावं. टाक रे इम्तियाज."

इम्तियाजनं बटण दाबलं. आम्ही निरोगी ताट उघडलं. वजन उतरवण्याच्या गोळ्या जागच्या जागी होत्या, आणि त्यांच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, जिथं जिथं फोटो होता तिथं तिथं आमची लाल अक्षरं आणि सरांचं नाव होतं.

त्या साइटचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. दिवाळीच्या सुमाराला ती बंद झाली. नंतर दुसऱ्या नावानं उघडली, तेव्हा मी दुसऱ्यांदा तक्रार केली. तिसऱ्या नावानं उघडली, तेव्हा तिसऱ्यांदा. आता मला त्या अर्जाचं इंग्रजी पाठ आहे. बॉट अजून येतात, नवे नवे येतात, आणि इम्तियाज त्यांना दारात ताटकळत ठेवण्याच्या नव्या युक्त्या शोधतो. रानपानवर प्रत्येक पानाच्या माथ्यावर सरांचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे, आणि नाव फोटोला असं बांधून टाकलंय की कितीही ओढलं तरी सुटत नाही. सर आता नाहीत. नाव आहे.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. फोन यायला लागले. पहिला एका टवाळाचा, त्यानं विचारलं की तुम्हीच विषारी का. दुसरा तसलाच. तिसऱ्या माणसानं मला शिव्या दिल्या, त्याला वाटलं निरोगी ताट माझीच. मी सगळ्यांना सारखंच सांगत राहिले की कंद खाऊ नका आणि ज्यांना सांगितलंत त्यांनाही सांगा. मधे मधे चांगली माणसंही होती. नगरच्या एका शाळामास्तरांनी त्यांच्या गावातल्या सगळ्यांना कळवतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. वाचनालयाला सुट्टी होती, तरी मी उघडून बसले, कारण घरात फोनला नीट रेंज नसते. सर समोर बसले होते. कुणी वनस्पतीचं विचारलं तर मला काय कळणार, म्हणून ते सकाळपासून आले होते.

फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबका.

"ते लाल अक्षरातलं तुम्हीच लिहिलंय का?"

"हो. बोला ताई. कुठून बोलताय?"

"जव्हारच्या पुढून. काल आमच्या यांनी बांधावरून कंद आणला. त्या पानावर फोटो बघूनच आणला. आज सकाळी लेकानं पान उघडलं तर हे दिसलं. तो म्हणतोय कुणीतरी खोडी केली असेल. कंद उकडून झालाय. सगळ्यांचा उपवास आहे, जेवायला बसतायत."

मी फोन सरांच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला.

"ताई, मी देसाई बोलतोय. त्याचा वेल आणला होता का बरोबर? पानं आहेत?"

"आहेत. कोपऱ्यात टाकलीत."

"एक पान हातात घ्या. त्याचं टोक कसं आहे? सरळ आहे का दोऱ्यासारखं गुंडाळलेलं?"

थोडा वेळ पलीकडं पावलं ऐकू आली. भांडी वाजली. कुणीतरी लहान मूल भूक लागली म्हणून किरकिरत होतं.

"गुंडाळलेलं आहे."

"आणि कंद? दोन बाजूंना वळलेला होता का, नांगरासारखा?"

"हो. तसाच."

"ताई, ओता ते. कुणाला एक घास देऊ नका. पाणी पण ओता, सालीसुद्धा पुरून टाका. शेळी-गुरं असतील तर त्यांच्या तोंडाशी जाऊ देऊ नका."

पलीकडं ती कुणाशी तरी बोलली. पुरुषाचा आवाज आला, चिडका. कालपासून खपून आणलंय, उकडलंय, आता कुणी परका माणूस फोनवरून सांगतो म्हणून ओतायचं? शब्द स्पष्ट ऐकू येत होते. ती परत फोनवर आली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"सर, मला काही कळत नाही. त्याच पानावर खाली लिहिलंय की चालतं. त्याच पानावर वर तुम्ही लिहिलंय की चालत नाही. मी कुणाचं ऐकू?"

मी सरांच्या हातातून फोन घ्यायला पुढं झाले, ओरडून सांगावं म्हणून. सरांनी मला हातानं थांबवलं.

"ताई, खाली ज्यानं लिहिलंय त्याचं नाव आहे का तिथं?"

"नाही. टीम लिहिलंय."

"माझं सांगतो. अनंत केशव देसाई. आजऱ्यात देवळाच्या मागच्या गल्लीत घर आहे, कुणालाही विचारलं तर सांगतील. मी चुकलो असेन तर तुमच्या मालकांना घेऊन इथं या आणि माझ्या तोंडावर सांगा. मी घरीच आहे."

सर फोन कानाशी घट्ट धरून बसले होते.

मग पातेलं उचलल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि बाहेर मोरीत गरम पाणी ओतल्याचा आला.